अल्पवयीन मुलीचं म्हणणं

सोमवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला, तेव्हा संघप्रिया तांबे डबा भरत होती.

"मॅडम, उपनिरीक्षक अस्मिता बोलतेय. शनिवारी खिल्लारेंची मुलगी तुमच्यासमोरच होती ना? पूर्ण वेळ?"

"हो. दोन तास. का?"

"तिच्या पोटावर परत डाग उठलेत. ताप पण आहे. तुम्ही हॉस्पिटलला या."

"मी? कशाला?"

"तक्रारीत तुमचं पण नाव आहे म्हणून."

संघप्रिया कोर्टात समुपदेशक होती. नवरा-बायको वेगळे झाले की मूल कोणाकडे, कधी, किती वेळ, यावर न्यायाधीशांना अहवाल देणं हे तिचं काम. अकरा वर्षं ती हे करत होती. मुलांच्या खोलीत खेळणी, चित्रं, छोट्या खुर्च्या सगळं होतं. फक्त तिथं स्वखुशीनं आलेलं एकही मूल तिनं पाहिलं नव्हतं.

यशोधरा खिल्लारे, वय आठ. बाप धम्मपाल, मूळ हिंगोलीकडचा बौद्ध, तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर. आई निशिगंधा, खाडीकाठच्या गावातल्या घरत कुटुंबातली. दोघांनी घरच्यांशी भांडून लग्न केलं आणि सात वर्षांनी एकमेकांशी भांडून मोडलं. आता भांडायला मुलगी उरली होती. तिचे केस कोणी कापले यावर अर्ज. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत कोण बसलं यावर अर्ज. फाइल जाडजूड झाली होती आणि मुलगी बारीक.

नोव्हेंबरपर्यंत ती एकाआड एक शनिवारी बापाकडे कामोठ्याला मुक्कामाला जायची. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी तिच्या बेंबीभोवती पाच गोल काळे डाग दिसले. आई म्हणाली, सिगारेटचे चटके. बाप म्हणाला, मी सिगारेट ओढत नाही. कोर्टानं मुक्काम बंद केला. भेट फक्त कोर्टात, समुपदेशकासमोर.

त्यानंतर तीन महिने काही झालं नाही. गेल्या गुरुवारी धम्मपालच्या अर्जावर सुनावणी झाली. मुक्काम पुन्हा सुरू होईल अशीच चिन्हं होती. निकाल बुधवारी होता.

आणि सोमवारी हे डाग.

संघप्रियाला एक गोष्ट पक्की माहीत होती. शनिवारी धम्मपालनं मुलीच्या केसाला धक्का लावला नव्हता. ती चार फुटांवर बसली होती. मग डाग आले कुठून? बुधवारच्या आत हे कळलं नाही, तर बापाची मुलगी कायमची जाणार होती. आणि मुलगी परत त्याच हातांत जाणार होती, ते हात कोणाचे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात घरत कुटुंब बसलं होतं. निशिगंधाचा भाऊ धनेश उभा होता, त्याला बसवत नव्हतं.

"आल्या बगा मॅडम! तुमच्या नाकासमोर पोरीला जाळली त्यानं."

"कशानं?"

"डाक्टर बोलले केमिकल असेल. तो कुठं कामाला हाय? तळोज्याला! शनिवारी फ्रॉक आनला त्यानं. त्यालाच काय तरी लावून आनला असनार. तुमी बगत बसल्या. बसनारच. तुमी त्यांच्यातल्याच ना."

हे वाक्य संघप्रियानं नोव्हेंबरातही ऐकलं होतं, याच माणसाकडून. तिचं नाव वाचलं की लोक तिची जात वाचतात, याची तिला सवय होती. पण त्या दिवसापासून या प्रकरणात ती प्रत्येक शब्द दोनदा तोलायची. पारडं बापाच्या बाजूला झुकलेलं दिसू नये म्हणून ती जरा जास्तच जपायची.

तिनं निशिगंधाला बाजूला घेतलं. अस्मिता वही उघडून शेजारी उभी राहिली.

"डाग कधी दिसले?"

"काल संध्याकाळी खाजवत होती. आज सकाळी बघते तर फोड. पाणी भरलेले."

"शनिवारी घरी आल्यावर?"

"काहीच नव्हतं. म्हणजे मी शर्ट वर करून नाही बघितलं."

"आंघोळ कोण घालतं?"

"आई. मी सकाळी सातला निघते, यायला आठ वाजतात. पिंकीचं सगळं आईच करते. जेवण, आंघोळ, झोपवणं."

घरी यशोधराला पिंकी म्हणत. बापानं ठेवलेलं नाव त्या घरात कुणी उच्चारत नसे.

"तिच्या शमीजवर पण डाग पडलेत," निशिगंधा म्हणाली. "काळे ठिपके. तीनदा धुतली, जात नाहीत. ॲसिडच असणार."

"कापडाला भोकं पडलीत?"

"भोकं? नाही. डागच आहेत."

"आम्ही जप्त केलीय," अस्मिता म्हणाली. "पांढरी शमीज, पुढच्या बाजूला पाच ठिपके. फ्रॉक पण घेतलाय. त्याच्यावर काही नाही."

तेवढ्यात निशिगंधाची आई सुमित्राबाई स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आली. साठीची बाई. आवाज मऊ, डोळे रडून सुजलेले. सकाळपासून तिनं पोलिसांनासुद्धा तांदळाची भाकरी खायला घातली होती.

"घे बाय, चा घे. तुजा काय दोष? पोरीचं नशीबच तसं."

पेला धरलेल्या तिच्या अंगठ्याची आणि बोटाची कातडी काळी पडून सोलली होती.

"हाताला काय झालं?" संघप्रियानं सहज विचारलं.

"भाजीला कच्ची केली चिरली. चीक लागला."

धनेशच्या खिशात सिगारेटचं पाकीट होतं. अस्मितानं ते मघाशीच हेरलं होतं. "नोव्हेंबरात तुझ्याच सिगारेटचे चटके नसतील कशावरून?" तिनं विचारलं. त्यावर धनेश एवढा उसळला की वॉर्डबॉय धावत आला.

यशोधरा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. संघप्रिया स्टूल ओढून बसली.

"यशू, दुखतंय?"

"थोडं."

"कोणी केलं हे?"

मुलीनं मान वळवली. तापानं तिचे ओठ सुकले होते.

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"तेव्हा. पहिल्यांदा झालं तेव्हा. तुम्ही लिहून पण घेतलं." ती पुन्हा भिंतीकडे वळली. "मग काहीच नाही झालं."

मग तिनं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

संघप्रिया थेट कोर्टात आली आणि नोव्हेंबरचा आपला अहवाल काढला. मुलीनं कुणाचंही नाव घेतल्याचं त्यात नव्हतं. शेवटी तिचाच निष्कर्ष होता: 'अल्पवयीन मुलीचे म्हणणे पढवलेले वाटते. ती मोठ्यांची वाक्ये जशीच्या तशी वापरते. त्यावर विसंबू नये.'

मग तिनं कपाटातून कच्ची वही शोधली. बोलता बोलता भराभर टिपलेल्या ओळी त्यात होत्या.

'पप्पांनी आमच्या लाइफची वाट लावली.'

'कोर्टात सगळे मॅनेज असतात.'

'(काय झालं गं, विचारल्यावर) आजीने बिब्बा घातला.'

'मोठी झाले की मी वकील होणार आणि केस जिंकणार.'

आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी ही भाषा. बिब्ब्याची ओळ तर निशिगंधाच्या अर्जातच होती: 'सासूने आमच्या संसारात बिब्बा घातला.' घरी वकिलाचे कागद मोठ्यानं वाचले जात असणार, पोरीनं उचललं असणार. संघप्रियानं ओळी चारदा वाचल्या. मुलीनं सांगितलं म्हणते ते यात कुठं होतं?

तिनं शिपाई शकुबाईंना हाक मारली. शनिवारी फ्रॉक घालायला यशूला बाथरूममध्ये त्याच घेऊन गेल्या होत्या.

"आत काय घातलं होतं तिनं?"

"पिवळी बनियन. वरनंच फ्रॉक चढवला मी."

"पांढरी शमीज नव्हती?"

"पिवळी म्हंते ना मी! कार्टूनचं चित्र व्हतं पुढं."

"नक्की?"

"मॅडम, मला जवळचं वाचता येत नाय, पन रंग दिसतात."

म्हणजे डागाळलेली शमीज शनिवारी भेटीच्या वेळी मुलीच्या अंगावर नव्हतीच.

मंगळवारी सकाळी संघप्रिया कामोठ्याला गेली. धम्मपालला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं होतं. घरी त्याची आई गिरजाबाई एकटीच होती. नातीसाठी फ्रॉक तिनंच घेतला होता. तीन महिन्यांत तिनं नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. धम्मपालनं डागांचे फोटो तिला कधी दाखवले नव्हते, म्हातारीला सोसणार नाही म्हणून. संघप्रियानं मोबाइल पुढं केला.

गिरजाबाईनं चष्मा लावून फोटो पाहिला. मग दुसरा पाहिला. आधी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ती एकदम सावध झाली.

"हे इडी-शिग्रेटीनं पोळल्यालं न्हाई बाई. पोळल्यालं तवाच फुगतंय. हे मागून उठल्यालं हाय. नोव्हेंबरात बी रईवारी लेकरू प्वाट खाजवत व्हतं. मी म्हनलं डास चावला, खोबरेल लावलं."

"मागून म्हणजे किती मागून?"

"एक दिस, दोन दिस. कपड्याला डाग हायेत का? काळे?"

"आहेत."

"धुऊन जात न्हाईत?"

"नाही. तुम्हाला कसं माहीत?"

गिरजाबाईनं पदर तोंडाला लावला.

"म्या नाव घेतलं की तुमी म्हननार, म्हातारीला ठावं हाय म्हंजी हिनंच केलं. आमच्यावर इस्वास ठेवतंय कोन?"

मग तिनं उजवा पाय पुढं केला. टाचेवर चवलीच्या नाण्याएवढा जुना काळा डाग होता.

"ल्हानपनी बाभळीचा काटा मोडला व्हता. माझ्या मायनं इलाज केला. आठ दिस पाय टेकला न्हाई मी."

संघप्रिया त्या टाचेकडे बघत राहिली.

"आजी, एक सांगा. यशू तुम्हाला काय हाक मारते?"

"माय. आमच्यात समदेच मला माय म्हनतेत. आजी तिकडची."

जिना उतरताना संघप्रिया मधल्या पायरीवर थांबली. तिनं अस्मिताला फोन लावला. "मॅडम, पनवेलच्या बाजारात काष्ठौषधीचं दुकान असेल. एक वस्तू आणायची आहे."

संध्याकाळी पाच वाजता अस्मितानं सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. निशिगंधा, धनेश आणि सुमित्राबाई एका बाजूला बसले. दुसऱ्या बाजूला धम्मपाल होता, दोन दिवसांची दाढी वाढलेला. टेबलावर पांढऱ्या कापडाचा तुकडा होता.

"आधी माझी चूक सांगते," संघप्रिया म्हणाली. "नोव्हेंबरात यशूनं मला खरं सांगितलं होतं. तिचं खरं एका वाक्यात होतं, आणि ते मी पढवलेलं ठरवून टाकलं."

"कुठलं वाक्य?" निशिगंधानं विचारलं.

"सांगते. शनिवारी भेटीच्या वेळी मुलीच्या अंगात पिवळी बनियन होती. डाग पांढऱ्या शमीजवर आहेत. म्हणजे शमीजला जे लागलं ते कोर्टात नाही लागलं. ही शमीज तिनं कधी घातली होती?"

निशिगंधा आठवू लागली. "शुक्रवारी रात्री. झोपताना."

"ॲसिड असतं तर कापड खाल्लं गेलं असतं. चटका असता तर फोड लगेच आला असता. हे दोन दिवसांनी उठलं, आणि कापडावर असा डाग पाडून गेलं की धुता धुता हात दुखावेत. अशी एकच वस्तू आहे. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला तीच वापरायचे."

अस्मितानं खिशातून पुडी काढून उलटी केली. काजूएवढं, काळं, चकचकीत बी कापडावर पडलं.

"बिब्बा," संघप्रिया म्हणाली. "सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि निघालेलं तेल कातडीला लावायचं. त्या वेळी फारसं काही दिसत नाही. नंतर उततो, कातडीवर फोड येतात. मी मुंबईत वाढले. बिब्बा मी आजपर्यंत डोळ्यांनी पाहिला नव्हता, बोलण्यात मात्र शंभर वेळा वापरलाय. अमक्यानं बिब्बा घातला, म्हणजे अमक्यानं काम बिघडवलं. यशू म्हणाली, 'आजीने बिब्बा घातला.' मला वाटलं, पोरगी अर्जातलं वाक्य म्हणतेय. ती तिच्या पोटाबद्दल सांगत होती."



"आजी म्हणजे त्याची आई!" धनेश ओरडला. "तीच गावठी इलाज करनारी!"

"तिला यशू माय म्हणते. तुम्हाला हे माहीत नाही, कारण तुमच्यातलं कुणी कधी त्या घरी गेलंच नाही. यशूला आजी एकच आहे. आणि तीन महिन्यांत गिरजाबाईंनी मुलीला पाहिलेलंही नाही."

आता सगळे सुमित्राबाईकडे बघत होते. तिनं उजवा हात पदराखाली घेतला होता.

"सुमित्राबाई, हात बाहेर काढा," अस्मिता म्हणाली. "केळ्याचा चीक लागून कातडी सोलत नाही. बिब्बा लावणाऱ्याच्या बोटावर पण उततो."

"आई, तू काय बोलू नको," धनेश घोगऱ्या आवाजात म्हणाला. "वकील येऊ दे."

पण सुमित्राबाई बोलू लागली. ती धनेशशी नाही, निशिगंधाशी बोलत होती.

"पयल्या वक्ताला पोट दुखत व्हतं तिचं. खरंच दुखत व्हतं. माजी आय मना घालायची, तसा मी घातला. मना काय ठाव येवरा उतेल."

"मग सांगितलं का नाही?" अस्मितानं विचारलं.

"सांगनार व्हते. तवर हा धनेश वकिलाकरं गेलेला. वकील बोलला, आता पोर रातची तिकडं जात नाय. मना वाटलं, देवानंच केलं."

"आणि शुक्रवारी?"

"गुरवारी सगली बोलत व्हती, बुदवारी पोर परत जानार. दोन वर्सं मी तिला छातीशी घेऊन निजले. ती नसली की मना घास जात नाय." तिचा मऊ आवाज पहिल्यांदा चढला. "मी पोरीला मारली नाय! मी पोर राखली!"

"आई," निशिगंधानं विचारलं, "ती रडली नाही?"

"रडली ना. मंग जवल घेतली. निजली."

निशिगंधानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या घशातून निघालेला आवाज ऐकून बाहेरची नर्स दारापर्यंत आली आणि परत गेली.

धम्मपाल उठला. तो काही करील म्हणून अस्मिता पुढं सरली, पण त्यानं टेबलाची कड धरली.

"तीन महिने मी माझ्या पोरीला हात लावायला घाबरत होतो," तो म्हणाला. "ती जवळ आली की मी मागं सरायचो. कोण काय लिहील म्हणून. तिला वाटलं असेल, बापाला आपण नकोय."

संघप्रियानं खाली मान घातली. लिहिणारी तीच होती.

बुधवारी तिनं दोन पानांचा अहवाल दिला. पहिलं पान सुमित्राबाईबद्दल होतं, दुसरं स्वतःबद्दल. आपण पक्षपाती दिसू नये या धडपडीत मुलीचं म्हणणं बाजूला टाकलं, असं तिनं स्वच्छ लिहिलं. न्यायाधीशांनी ते वाचलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि निकाल दिला. मुलगी आईकडे, पण आजोळच्या घरात नाही. बापाकडचा मुक्काम पुन्हा सुरू. सुमित्राबाईवर गुन्हा नोंद झालाच होता, तिनं नातीला भेटायचं नाही. समुपदेशकाकडून खुलासा मागवला.

निशिगंधानं दुपारीच कळंबोलीला भाड्याची खोली पाहिली. धनेशनं तिला घरातून कपडेसुद्धा नेऊ दिले नाहीत.

चार वाजता संघप्रिया हॉस्पिटलला गेली. यशूचा ताप उतरला होता. धम्मपाल खाटेच्या एका बाजूला बसला होता आणि निशिगंधा दुसऱ्या बाजूला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, पण दोघं एका खोलीत होते. फाइलमधल्या दोन वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

"यशू," संघप्रिया म्हणाली, "तू मला सांगितलं होतंस. मी नीट ऐकलं नाही. चुकलं माझं."

मुलीनं मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही. तिनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे, मग दाराकडे. तिथं आज भाकरीचा डबा घेऊन कुणी आलं नव्हतं.

"आजीला पोलिसांनी नेलं?"

निशिगंधानं तिच्या केसांवरून हात फिरवला, तेव्हा तिला कळलं. ती पांघरुणाचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. रडली नाही. मग तिनं संघप्रियाकडे बघून, कोर्टात वाढलेल्या पोरीच्या सराईत आवाजात विचारलं,

"मग आजीला भेटायचं असेल तर अर्ज मम्मीनं करायचा, की पप्पांनी?"

संघप्रियाला उत्तर माहीत नव्हतं. तिनं तिला तसंच सांगितलं.